विंडोज अपडेट झालं की मराठी फॉन्ट बिघडतो: दरवेळचा घोळ कसा निस्तरायचा

भुसावळपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही प्रेसवाल्याला, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला किंवा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याला विचारा, हा अनुभव त्याला आलेला असतोच. रात्री बंद होताना कॉम्प्युटरने अपडेट घेतलं आणि सकाळी फाइल उघडली तर मराठी मजकुराची पार वाट लागलेली. मग फोन येतो, "भाऊ, काल ते बराबर व्हतं, आज काय व्हयनं?" १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपवला. तेव्हापासून जुनी मशिनं विंडोज ११ वर न्यायची घाई सुरू आहे आणि त्यासोबत ही तक्रारही वाढली आहे. लग्नसराईत पत्रिकेचं प्रूफ अडकलं की प्रेसवाल्याचा जीव टांगणीला लागतो, म्हणून सगळं नीट मांडून ठेवतो.

सगळ्यात आधी, बिघडलेली फाइल सेव्ह करू नका. मजकूर बहुतेक वेळा जागेवर असतो, बिघडलेलं असतं ते फक्त त्याचं दिसणं. फाइल बंद करा, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा आणि मग हात लावा. घाईघाईत "सिलेक्ट ऑल" करून दुसराच फॉन्ट चढवला आणि सेव्ह केलं, की कुठल्या ओळीला मूळ कुठला फॉन्ट होता याचा माग राहत नाही. खरं नुकसान अपडेटपेक्षा या घाईने जास्त होतं.

आधी लक्षण ओळखा

"फॉन्ट गेला" असं सगळेच म्हणतात, पण त्यात चार वेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आहे.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा गिचमिडा दिसत असेल तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर आता नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आहे, पण लावलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि प्रोग्रामला पर्यायी फॉन्टही सापडलेला नाही. मराठी व्यवस्थित वाचता येते, पण वळण बदललंय, ओळी सरकल्यात, एका पानाचा दाखला दोन पानांवर गेलाय, असं असेल तर एका फॉन्टच्या जागी सिस्टिमने दुसरा बसवला आहे. आणि जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलत्या जागी गेली, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ आलं, तर फॉन्ट फार जुना आहे किंवा तो प्रोग्रामच देवनागरीची जुळणी नीट करत नाही.

नुसत्या नजरेवर विसंबू नका, वर्डलाच विचारा. फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड इथे खाली "शो डॉक्युमेंट कंटेंट" या भागात "फॉन्ट सब्स्टिट्यूशन" असं बटण आहे. ते दाबलं की या फाइलला कुठला फॉन्ट हवा होता आणि त्याच्या जागी कुठला लावला आहे, हे दोन रकान्यांत समोरासमोर दिसतं. फॉन्टचं नेमकं नाव कळलं की अर्धं काम झालं. हे बटण फार कमी लोकांना माहीत आहे. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्ट्स इथे तीच माहिती मिळते. फॉन्टच्या नावापुढे "एम्बेडेड", म्हणजे फाइलमध्येच भरलेला, असं लिहिलेलं असेल तर ती पीडीएफ कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी दिसणार.

मंगल कुठे गेला?

वळण बदललं, ओळी सरकल्या, या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा मंगल असतो. कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोज २००० पासून सिस्टिमसोबत येत होता. एक्सपी, विंडोज ७ या सगळ्या काळात युनिकोड मराठी म्हणजे मंगल, असंच समीकरण होतं. आपल्याकडच्या ठरावांचे नमुने, दाखले, शाळेच्या प्रश्नपत्रिका, बाजार समितीच्या पावत्या, सगळं त्यातच बसवलेलं.

विंडोज ८ मध्ये भारतीय लिपींसाठी निर्मला यूआय आला. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे चारही फॉन्ट मूळ संचातून काढून एका वेगळ्या पर्यायी गठ्ठ्यात टाकले. त्याचं नाव "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स". मूळ संचात देवनागरीसाठी उरला निर्मला यूआय. मशीनच्या भाषांच्या यादीत मराठी, हिंदीसारखी देवनागरी भाषा असेल तर हा गठ्ठा आपोआप उतरवला जातो. पण दुकानदाराने मशीन विकताना फक्त "इंग्लिश" ठेवलेलं असेल, आणि आपल्याकडे बहुतेक मशिनं तशीच येतात, तर मंगल येतच नाही. जुन्या फाइलला मंगल हवा असतो, सिस्टिम त्याच्या जागी निर्मला देते. दोघांची अक्षरांची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. म्हणून मजकूर तोच राहतो आणि सही-शिक्क्याची जागा मात्र पुढच्या पानावर जाते.

"आम्ही तर मंगल कधी निवडलाच नव्हता" असंही लोक सांगतात, आणि ते खरं असतं. वर्डच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरी लिपीसाठी मंगल हे नाव आधीच लिहिलेलं असतं. वर्ड देवनागरीला "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" समजतं आणि तिचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपासून वेगळा धरतं. वरच्या पट्टीत कॅलिब्री किंवा नवीन ऑफिसमध्ये ॲप्टोस दिसत असला तरी त्याच ओळीतली मराठी भलत्याच फॉन्टमध्ये असू शकते. २०२३ मध्ये ऑफिसचा डीफॉल्ट कॅलिब्रीवरून ॲप्टोस झाला, तेव्हा काही जणांना वाटलं की मराठी त्यामुळे बिघडली. पण ॲप्टोसमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, मराठीचा फॉन्ट वेगळ्या खात्यातून येतो.

दुरुस्ती सोपी आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज > ॲप्स > ऑप्शनल फीचर्स > ॲड अ फीचर इथे जाऊन "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" निवडा. विंडोज ११ मध्ये ही जागा आवृत्तीप्रमाणे ॲप्सखाली किंवा सिस्टिमखाली असते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत "ऑप्शनल फीचर्स" टाकलेलं बरं. किंवा टाइम अँड लँग्वेज मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, गठ्ठा तिच्यासोबत येतो. मराठी जोडली म्हणून सगळे मेनू मराठीत होतील ही भीती मनातून काढा. डिस्प्ले लँग्वेज इंग्रजीच राहते, फक्त "सेट ॲज माय डिस्प्ले लँग्वेज" या खुणेला हात लावू नका.

यासाठी इंटरनेट लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल आणि कनेक्शन "मीटर्ड" (डेटा जपून वापरणारं) ठेवलं असेल तर तेवढ्यापुरतं ते काढा. सरकारी किंवा मोठ्या कार्यालयात अपडेट त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येत असतील तर डाउनलोड अडतं. तिथे तुमच्या टेबलावरून काही होणार नाही, त्यांच्या ॲडमिनलाच सांगावं लागेल.

इथे एक कळकळीची विनंती. कुणाच्या तरी जुन्या एक्सपी मशीनवरून मंगलची फाइल पेन ड्राइव्हमध्ये आणून फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टाकू नका. त्या काळच्या फाइलमध्ये जोडाक्षरांचे नियम जुने आहेत, शिवाय रुपयाचं ₹ हे चिन्ह नाही. हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? केळीच्या पावतीवर भावाआधी चौकोन आला तर तपासायची पहिली जागा हीच. शिवाय एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या की कुठला प्रोग्राम कुठली उचलेल याचा नेम नाही.

फॉन्ट टाकलेला आहे, तरी दिसत नाही

हा त्रास विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून सुरू झाला आणि तो ओळखायला अवघड आहे. तोपर्यंत फॉन्ट इन्स्टॉल केला की तो सगळ्या मशीनसाठी होत असे. १८०९ पासून नुसतं "इन्स्टॉल" दाबलं की तो फक्त त्या लॉगिनपुरता, त्या यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतो. अपग्रेडनंतर नवीन लॉगिन तयार केलं, किंवा दुसऱ्या ऑपरेटरने आपल्या नावाने लॉगिन केलं, की फॉन्ट गायब. काही जुने डीटीपी (छपाईची पानं मांडायचे) प्रोग्राम तर फक्त सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्ट बघतात, त्यांना असा फॉन्ट त्याच लॉगिनमध्येही सापडत नाही.

उपाय असा: तो फॉन्ट काढून टाका, फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" निवडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय लगेच दिसला नाही तर "शो मोअर ऑप्शन्स" उघडा. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. प्रेसमध्ये एका मशीनवर दोन-तीन माणसं काम करत असतील तर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने फॉन्ट टाकू नका.

कंट्रोल पॅनलच्या फॉन्ट्समध्ये "फॉन्ट सेटिंग्ज" अशी एक जागा आहे. तिथे भाषेनुसार फॉन्ट लपवण्याची एक खूण असते. भाषांच्या यादीत मराठी नसेल तर देवनागरी फॉन्ट मशीनवर असूनही यादीत दिसत नाहीत. ती खूण काढा. त्याच पानावर "रिस्टोअर डीफॉल्ट फॉन्ट सेटिंग्ज" असं बटण आहे. ते दाबल्याने तुम्ही टाकलेले फॉन्ट उडत नाहीत, पण गेलेला मंगलही परत येत नाही. ते रामबाण नाही.

सगळं जागच्या जागी असूनही अक्षरं वेडीवाकडी दिसत असतील तर फॉन्टची कॅश (सिस्टिमने फॉन्टची साठवून ठेवलेली माहिती) खराब झालेली असू शकते. अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर हा संशय आधी घ्या. सर्व्हिसेसमध्ये "विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस" थांबवा, मशीन रीस्टार्ट करा. तरी फरक पडला नाही तर सर्व्हिस थांबवलेली असतानाच कॅशच्या फाइली उडवायच्या, त्या सिस्टिम नव्याने बनवते. पण हे काम विंडोज फोल्डरच्या आत जाऊन करायचं आहे, तेव्हा सवय नसेल तर जाणकाराला समोर बसवा.

श्रीलिपी, कृतिदेव आणि जुनी पेटी

आपल्याकडच्या प्रेसमध्ये अजूनही पेजमेकर आणि जुनं कोरल ही छपाईची सॉफ्टवेअरं चालतात. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे तिथे जुने फॉन्टच लागतात. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, कानबाईच्या उत्सवाची निमंत्रणं, दशक्रियेचे कार्ड, सगळा साठा त्यात. तो साठा टाकून द्या असं मी कुणाला सांगणार नाही.

या फॉन्टची युक्ती अशी की फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्या जागी मराठीचं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं आणि खालची इंग्रजी उघडी पडली. म्हणून अशा मजकुराला मंगल लावून काही होत नाही, मंगल त्या इंग्रजी अक्षरांना इंग्रजीच समजतो. तोच फॉन्ट, त्याच नावाचा, परत टाकणं हा एकच सरळ मार्ग. श्रीलिपीसारखं पॅकेज असेल तर नुसत्या फॉन्टच्या फाइली टाकून भागत नाही. नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती घेऊन पॅकेज पुन्हा बसवावं लागतं, नाहीतर मजकूर दिसेल पण टाइप करता येणार नाही. आणि गिचमिडा दिसत असताना त्यात टायपिंग तर मुळीच करू नका. वर्डचं ऑटोकरेक्ट लहान अक्षराचं कॅपिटल करतं, सरळ अवतरणाचं वळलेलं करतं. इंग्रजीत ती सुधारणा असते, इथे त्याने मराठीचं अक्षरच बदलतं.

नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असते. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. रूपांतर झाल्यावर एक शब्द मुद्दाम शोधा: "शेतकऱ्यांना". आपल्याकडच्या प्रत्येक कागदात तो असतोच. त्यातला अर्धा र कन्व्हर्टरमध्ये हमखास हुकतो आणि डोक्यावर रफार असलेलं "शेतकर्यांना" तयार होतं. "वऱ्हाडी", "सुऱ्या", "दऱ्या" यांचंही तसंच. पत्रिकेत "वऱ्हाडी मंडळी" चुकीचं छापलं गेलं तर ते मांडवात शंभर जण वाचतात. काही वेळा मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेतानाही मधलं न दिसणारं जोडचिन्ह गळतं आणि हीच चूक होते, म्हणून छपाईआधी हा एक शब्द शोधायची सवय ठेवा.

गेलेले फॉन्ट कुठून परत आणायचे

अपग्रेड केलं असेल तर बाहेरून टाकलेले फॉन्ट सहसा टिकतात. सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं तर जातात. पण जुनं विंडोज न पुसता त्यावर नवीन टाकलं असेल तर सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं फोल्डर असतं. त्यात आधीच्या विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर जसाच्या तसा असतो आणि त्याच्याच यूजर्स फोल्डरमध्ये लॉगिनपुरते टाकलेले फॉन्टही सापडतात. तुमचे फॉन्ट तिथून उचला, सिस्टिमचे उचलू नका. हे फोल्डर साधारण दहा दिवसांत सिस्टिम स्वतःच काढून टाकते आणि जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोयही तेवढ्याच मुदतीची असते. "सवडीने बघू" म्हणून महिनाभर थांबलात तर ते गेलं.

अपडेटच्या आधी करायचं काम एवढंच: तुम्ही स्वतः टाकलेले सगळे फॉन्ट डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. त्यासोबत नेहमीच्या कामाची एक फाइल, तिची पीडीएफ आणि छापलेला कागद ठेवा. अपडेटनंतर ती फाइल उघडून कागदाशी ताडून बघितली की बिघाड गिऱ्हाईक यायच्या आत कळतो.

मला मनापासून सांगायचं आहे ते हे, की सिस्टिमचा डीफॉल्ट फॉन्ट सिस्टिमच्या मेनूसाठी आहे. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा हे मायक्रोसॉफ्ट ठरवतं आणि पुढेही ठरवत राहील. ज्या कागदावर माणसाची सही होते, ज्या पत्रिकेवर घरातल्या थोरांची नावं असतात, त्याची मांडणी अशा फॉन्टवर सोडू नका. मुक्त परवान्याचे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त", गूगलचा नोटो सान्स देवनागरी, खास मराठी वळणाच्या ल आणि श साठी तिरो देवनागरी मराठी. यातला एक निवडा, कार्यालयातल्या सगळ्या मशिनांवर तोच टाका आणि नमुने त्यातच बसवा. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स"च्या रकान्यात तो निवडून "सेट ॲज डीफॉल्ट" करा. हा रकाना दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही.

फाइल दुसरीकडे पाठवायची असेल तर फाइल > ऑप्शन्स > सेव्ह इथे "एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल" वर खूण करा आणि त्याखालची "डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स" ही खूण काढा. समोरच्याला बदल करायचे नसतील तर सरळ पीडीएफ पाठवा.

विंडोजचा मेनू सुंदर दिसावा म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन सेगो यूआय या मेनूच्या मूळ फॉन्टच्या जागी दुसरा फॉन्ट बसवायचे व्हिडिओ फिरत असतात. कामाच्या मशीनवर ते करू नका. वर्षाचं मोठं अपडेट येतं तेव्हा ते काही वेळा जवळजवळ नवीन विंडोज बसवल्यासारखंच असतं, त्यात असे बदल पुसले जातात किंवा अर्धवट राहतात आणि मग मेनूतली अक्षरंच दिसेनाशी होतात. दर महिन्याच्या छोट्या अपडेटला एवढं घाबरायचं कारण नाही, ती सुरक्षेसाठी असतात. फॉन्ट जाईल या भीतीने अपडेटच कायमचं बंद करून ठेवलेली मशिनं मी पाहतो. तिथे बँकेचे पासवर्ड आणि लोकांचे आधार क्रमांक असतात, तेव्हा अपडेट आजच चालू करा.